पोल्ट्रीपाशी थांबलेला रस्ता

माझी आत्या म्हणजे नाकासमोर चालणारी बाई. लांबून भांडण दिसलं तरी ती गल्ली बदलायची. बसमध्ये कुणी तिच्या पायावर पाय दिला, तर तीच आधी "सॉरी" म्हणायची. अशा बाईला ग्रामसेविकेची नोकरी लागली तेव्हा आमच्या घरात आनंद झालाच, पण माझे वडील जेवता जेवता म्हणाले, "गाव हिला विकून खाईल आणि हिला पत्तासुद्धा लागणार नाही."

आत्याची निवड खुल्या जागेतून झाली होती, निव्वळ गुणांवर. त्यातून आमचं आडनाव असं, की ते वरच्या जातींतही सापडतं आणि आमच्यातही. नुसत्या नावावरून कुणाला काही कळायचं नाही. ही गोष्ट तिच्या पथ्यावर पडेल असं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं.

गावात राहायला जागा मिळाली ती एका विधवा काकूंच्या माडीवर. खाली काकूंचं घर, आतून जिना, वर आत्याची खोली. काकूंनी पहिल्या दिवशी चहाचा कप हातात देताना विचारलं, "तुम्ही म्हणजे... त्या आडनावाचे? आमच्या जाऊबाईंचं माहेर त्याच आडनावाचं."

आत्या नुसती हसली. खोटं बोलली नाही, पण खरंही बोलली नाही. काकूंनी आपलं आपणच जुळवून घेतलं आणि विषय तिथंच मिटला.

तो मिटला असं काकूंना वाटलं. आत्याच्या मानेवर मात्र त्या दिवसापासून सुरी टांगली गेली. काकूंचा स्वभाव मायाळू. भाजी केली की वाटी वर यायची. आत्याला ताप आला तेव्हा त्या उशाशी बसून राहिल्या. पुढे पुढे तर "खालीच ये गं, एकटीनं काय जेवतेस," म्हणून त्या तिला स्वयंपाकघरात बसवून घेऊ लागल्या. आणि आमच्या घरचा फोटो आत्यानं ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. फोनवर आजीशी बोलायची ती खिडकी लावून, दबक्या आवाजात. कुणी पाहुणा आला, की हा आपल्याकडचा तर नाही ना, म्हणून आधी जिन्यातून डोकावून बघायची. "माया जितकी वाढायची ना, तितकी भीती वाढायची," असं तिनं मला खूप वर्षांनी सांगितलं.

ग्रामपंचायतीचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, गरगरण्यापेक्षा जास्त कुरकुरणारा पंखा. शिपायाला सगळं गाव रेडिओ म्हणायचं, कारण ऑफिसात शिंक आली तरी चहाच्या टपरीवर ती बातमी त्याच्याआधी पोचायची. सरपंच बोलायला मऊ. कधी आवाज चढवला नाही, कधी "मॅडम"शिवाय हाक मारली नाही. "मॅडम, तुम्ही फक्त सही करा, डोकं आम्ही चालवतो," असं हसत हसत म्हणायचे. आणि आत्याही पहिले काही महिने सह्या करत राहिली.

त्या वर्षी वस्ती सुधार योजनेतून एक काम मंजूर झालं. वस्ती म्हणजे ओढ्यापलीकडची घरं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावानं ओढ्याच्या अलीकडे येऊ दिलं नाही, त्यांची. आमचीच माणसं, असं मी सरळ सांगते. योजनेचा नियम साधा होता. पैसा या लोकांसाठी आला आहे, तो या लोकांच्या वस्तीतच लागला पाहिजे. काम होतं मोठ्या सडकेपासून वस्तीपर्यंत पक्का रस्ता आणि ओढ्यावर मोरी, म्हणजे लहानसा पूल. पावसाळ्यात ओढा भरला की वस्तीचं बेट व्हायचं. मुलांच्या शाळा बुडायच्या, मजुरी बुडायची, आजारी माणूस पाणी ओसरायची वाट बघत पडून राहायचा.

काम झपाट्यानं सुरू झालं. खडी आली, रोलर आला. ठेकेदार सरपंचांचा मेहुणा, हे रेडिओनं आत्याला न विचारताच सांगून टाकलं. सडकेपासून ओढ्याच्या वाटेवर मध्येच सरपंचांची पोल्ट्री होती. रस्ता पोल्ट्रीच्या फाटकापर्यंत आला, चांगला रुंद झाला, मोठा ट्रक वळेल इतका, आणि थांबला. एके दिवशी रोलर उचलून नेला.

"पुढचं?" आत्यानं विचारलं.

"पुढच्या टप्प्यात," सरपंच म्हणाले. "वस्तीकडे जाणारा रस्ताच आहे ना तो? तोंड वस्तीकडेच आहे. आज इथवर गेला, उद्या तिथवर जाईल. रस्ता काय पळून जातोय?"

दुसऱ्या दिवशी आत्या रेडिओला घेऊन स्वतः बघायला गेली. पोल्ट्रीच्या पुढे नुसता चिखलाचा उतार, खाली ओढा, ओढ्यात टाकलेले गुळगुळीत दगड. ती चपला हातात घेऊन ते दगड ओलांडून गेली.

पहिल्याच घरासमोर एक म्हातारी वाकळ शिवत बसली होती. शेजारी तिचा मुलगा, एक पाय लांब करून. याच दगडांवरून घसरून त्याचा खुबा मोडला होता, तेव्हापासून बसूनच होता. आत्यानं नमस्कार केला, "रस्त्याचं बघायला आलेय," म्हणाली. म्हातारीनं मान वर केली आणि सुई तशीच हवेत राहिली.

"अगं, तू माझ्या धाकटीची नात ना? तेच नाक, तीच हनुवटी. तुझ्या आईच्या लग्नात मी..."

माझ्या आजीची, म्हणजे आत्याच्या आईची, एक मावशी याच भागात कुठंतरी दिली आहे, हे आत्यानं लहानपणी ऐकलं होतं. हीच ती, हे तिला त्याच क्षणी कळलं. नातं सख्खं होतं आणि समोर होतं. आणि पाठीमागे रेडिओ उभा होता, दोन्ही कान टवकारून.

"नाही आजी," आत्या म्हणाली. "चुकताय तुम्ही. मी तिकडची नाही."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं रेडिओकडे बघितलं. सगळं तिच्या ध्यानात आलं असावं. तिनं मान खाली घातली आणि सुई पुन्हा वाकळीत खुपसली.

"असेल बाई. डोळे गेलेत माझे. कुणालाही कुणीही समजते."

परत येताना रेडिओ म्हणाला, "म्हातारीचं फिरलंय बहुतेक." ओढ्यातल्या दगडावर आत्याचा पाय घसरला आणि साडी गुडघ्यापर्यंत भिजली, तेसुद्धा तिला घरी आल्यावर कळलं.

वस्तीतल्या लोकांनी त्यानंतर तिचं गुपित जपलं. बाजारात, दवाखान्यात ती माणसं समोर आली की ओळख न दाखवता पुढे जायची. आत्याला ती वाळीत टाकत नव्हती, सांभाळत होती. तिला तेच जास्त झोंबायचं.

मग काम तपासायला जिल्ह्याहून मोठे साहेब येणार असं कळलं. त्यांनी बघून होकार दिला की काम पुरं झालं असं धरलं जाणार होतं, आणि ग्रामसेविका म्हणून आत्यानं जागेवर उभं राहून तसं सांगायचं होतं. सरपंचांनी ऑफिसात चहा मागवला, रेडिओला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, तुमच्या गावी माझा साडू असतो, बोललो होतो का कधी?"

आत्याच्या हातातला कप थांबला.

"परवा फोन झाला. सहज तुमचं नाव निघालं. म्हणाला, ओळखतो की. गावाच्या कोणत्या अंगाला घर आहे तेही म्हणाला." सरपंचांनी बशीतला चहा फुंकून प्यायला. "आपल्याला काय करायचंय म्हणा. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण गाव मानतं. काकू तर फारच मानतात. तुम्हाला स्वयंपाकघरात घेतात ना त्या?"

पंखा कुरकुरत होता. आत्या म्हणते, त्या वेळी तिला फक्त तोच आवाज ऐकू येत होता.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," सरपंच उठता उठता म्हणाले. "पोल्ट्रीपाशी मंडप टाकतोय. साहेब तिथंच उतरतील, तिथंच फीत कापतील, चहा घेतील आणि जातील. तुम्ही फक्त म्हणायचं, काम झालं. तुमचं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी."

त्या संध्याकाळी तिचा आमच्याकडे फोन आला. मी तिथंच होते. तिनं वडिलांना सगळं सांगितलं, म्हातारीचं तेवढं सोडून. वडील बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "हो म्हणून मोकळी हो आणि बदलीचा अर्ज टाक. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? मोरी आज नाही झाली तर उद्या होईल. तू एकटी आहेस तिथं, हे विसरू नकोस."

वडील भित्रे नव्हते. त्यांनी ऐन तारुण्यात एका गावात मार खाल्ला होता, त्याची खूण त्यांच्या भुवईवर होती. म्हणून आम्ही कुणी त्यांना काही बोललो नाही.

मग आजीनं फोन हातात घेतला. तिला या भानगडीतलं काही कळलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "अगं, माझी मावशी त्याच गावात आहे म्हणे, ओढ्याच्या पलीकडे. भेटलीस का तिला? माझी आई गेल्यावर तिनंच आम्हाला वाढवलं. तिला म्हणावं, मी आठवण काढते."

पलीकडून काहीच आवाज येईना. आजीला वाटलं फोन कटला. "हॅलो, हॅलो," करत राहिली. मग आत्याचा आवाज आला, "भेटते उद्या."

फोन ठेवून आत्या जिना उतरून खाली गेली. काकू स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. "ये, बस," म्हणून त्यांनी पाट सरकवला. आत्या बसली नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"काकू, तुमच्या जाऊबाईंचं माहेर आणि आमचं आडनाव एक आहे, जात एक नाही," ती म्हणाली. "आमचे लोक ओढ्यापलीकडचे. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

काकूंचे हात थांबले. त्यांनी आत्याकडे बघितलं नाही, हातातल्या देठाकडे बघत राहिल्या. त्या काय म्हणतील याची आत्यानं मनात शंभरदा तालीम केली होती. ओरडतील, रडतील, सामान बाहेर टाकतील. कदाचित, असंही एक वेडं मन म्हणत होतं, की उठून जवळ घेतील.

काकू म्हणाल्या, "बरं."

एवढंच. आत्या वर आली. थोड्या वेळानं जिन्याच्या तळाच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला. ते दार कधीच लागत नसे. सकाळी तिला बाहेरच्या लोखंडी पायऱ्यांनी उतरावं लागलं.

"वाईट वाटलं का?" मी तिला एकदा विचारलं होतं.

"खूप," ती म्हणाली. "पण खरं सांगू? पोटातला गोळासुद्धा गेला. आता सरपंचांकडे माझं काही उरलं नव्हतं."

साहेब यायचे होते ते त्याच दिवशी. पोल्ट्रीपाशी मंडप, खुर्च्या, लाल फीत, सगळा थाट होता. गावातली बरीच माणसं जमली होती. वस्तीतली माणसं ओढ्याच्या पलीकडच्या काठाशी लांब उभी होती, कारण त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. साहेब जीपमधून उतरले, रुंद गुळगुळीत रस्ता बघून म्हणाले, "छान झालंय काम." सरपंचांनी कात्रीचं ताट पुढे केलं.

"साहेब," आत्या म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की कुणालाच ऐकू गेला नाही. तिनं घसा खाकरला. "साहेब, हा रस्ता वस्तीला जात नाही. वस्ती अजून पुढे आहे."

सरपंच हसले. "मॅडम, तो पुढचा टप्पा..."

"मंजुरीत टप्पे नाहीत. रस्ता वस्तीपर्यंत आहे आणि ओढ्यावर मोरी आहे. इथं दोन्ही नाही." तिला वाटलं, उभी राहिले तर पडेन, म्हणून ती चालायला लागली. चिखलाच्या उतारावरून सरळ ओढ्याकडे. मागे वळून म्हणाली, "या ना साहेब. बघून जा."

साहेबांनी एकदा बुटांकडे बघितलं, एकदा सरपंचांकडे. आता न जाणं बरं दिसलं नसतं. ते उतरू लागले, तशी सगळी गर्दी मागोमाग उतरली. ठेकेदार मेहुणा मोबाईल कानाला लावून मागेच रेंगाळला.

ओढ्याच्या काठाशी सरपंचांचा मऊपणा संपला. ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "साहेब, मॅडमना एवढा कळवळा का येतोय, ते विचारा ना. कुणाच्या आहेत त्या, विचारा. आजवर गावाला फसवत होत्या!"

गर्दीत कुजबूज उठली. रेडिओचं तोंड उघडंच राहिलं. एवढी मोठी बातमी आणि त्याला आधी कळली नव्हती. कुणीतरी मागून ओरडलं, "काकूंच्या घरात राहते ही!" दोन तरुण पुढे सरकले. साहेबांच्या ड्रायव्हरनं त्यांच्यासमोर हात आडवा धरला.

"विचारायला कशाला हवं," आत्या म्हणाली. "काकूंना मी स्वतः सांगितलंय. मी यांच्यातलीच आहे. त्या पुढे उभ्या आहेत ना, त्या माझ्या आईच्या मावशी."

सगळ्यांनी पलीकडे बघितलं. म्हातारी काठी टेकून उभी होती.

"आज बरी आठवण झाली," ती तिथूनच म्हणाली. आवाज खणखणीत होता. "त्या दिवशी तर मी कुणीच नव्हते तुझी."

वस्तीतली माणसं चपापली. सरपंचांच्या ओठांवर पुन्हा हसू आलं. आत्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण तिनं मान खाली घातली नाही.

"घाबरले होते आजी," ती म्हणाली. "आताही घाबरलेच आहे."

म्हातारीनं काठी शेजारच्या पोराच्या हातात दिली आणि स्वतःचा हात पुढे केला. "ये इकडे. तो मधला दगड हलतो, त्याच्यावर पाय देऊ नकोस. आणि त्या साहेबांनाही सांग."

साहेबांनी बूट काढले. पलीकडे जाऊन वस्ती बघितली, खुबा मोडलेल्या मुलाशी बोलले, परत आले. फीत कापली नाही. जीपमध्ये बसताना सरपंचांना इतकंच म्हणाले, "मोरी झाल्यावर बोलवा." आत्याकडे मात्र त्यांनी बघितलंही नाही. डोक्याला ताप देणारी बाई म्हणूनच त्यांच्या लक्षात राहिली असेल.

त्यानंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. काकूंनी निरोप पाठवला, की भाच्याला खोली हवी आहे. काकूंना भाचा नव्हता. आत्यानं ट्रंक उचलली आणि ओढ्यापलीकडे राहायला गेली, मावशीआजीच्या घरी. म्हातारीनं तिला एक कोपरा दिला आणि पहिले कित्येक दिवस उठता बसता टोमणे मारले. "सरकारी बाई, तुमच्या ताटाला पाट देऊ का?" ऑफिसात आत्याची खुर्ची एके दिवशी गायब झाली, मग ती उभ्यानं काम करू लागली. रस्त्यावर पोरं मागून काहीबाही ओरडायची. एकदा तिच्या सायकलीची दोन्ही चाकं कुणीतरी कापली. वडील तिला आणायला गेले, तर ती म्हणाली, "मोरीचा पाया खोदतायत. तो भरू दे, मग बघू."

पाया भरला. पण मोरी पुरी व्हायच्या आत तिची बदली झाली, लांबच्या तालुक्यात, जिथं जायला कुणी तयार नसे. कारण कुणी सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. मोरी त्यानंतर झाली. कठडे नाहीत तिला, रस्ताही वस्तीच्या तोंडाशी अरुंद झाला आहे, पण गाडी जाते. मावशीआजी गेली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणणारी गाडी त्याच मोरीवरून आली.

नव्या गावी खोली शोधायला मी आत्याबरोबर गेले होते. ती प्रत्येक दारात आधी आपली जात सांगायची, मग खोलीचं विचारायची. मी म्हटलं, "आत्या, आधी समोरच्याला पाणी तरी विचारू दे." पण ती ऐकेना. एका घरी खोली कालच गेली होती. एका घरी मालक बाहेरगावी होता, आणि तोच मालक खिडकीतून आमच्याकडे बघत होता. माझा पारा चढत होता. आत्या मात्र पुढच्या दाराची कडी वाजवायची.

शेवटी एका शिंप्याच्या घरी आम्ही थांबलो. दुकान खाली, खोली मागे. शिंपी मशीनवर बसलेला, गळ्यात टेप. आत्यानं नेहमीप्रमाणे सुरुवात केली. त्यानं पाय न थांबवता सगळं ऐकून घेतलं. शिवण संपली तसा दोरा दातानं तोडला, चष्मा कपाळावर सरकवला.

"ते ठीक आहे," तो म्हणाला. "पण नळाला पाणी पहाटेच येतं. उठवेल ना तुम्हाला?"